एका घासाचे

ओट्स मागितले तेव्हा सियागंजातला तो पोरगा
गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही.
"काका, ये तो घोड़े का माल है.
आप सेव ले जाओ, लौंगवाली."
इंदूर हे असं. पोह्यांवर शेव पडल्याशिवाय
इथे उजाडलं असं कोणी मानत नाही.
ओट्स शेवटी मिळाले औषधांच्या दुकानात,
वजन वाढवायच्या डब्यांशेजारी.

बाकीचं मात्र त्याच्याकडूनच घेतलं:
खजूर, जर्दाळू, काळ्या मनुका, जवस, तीळ.
भोपळ्याच्या बिया घरच्या,
गच्चीवर वाळवलेल्या.
सोलता सोलता अंगठ्याचं नख हुळहुळं झालं.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशाळेत
दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी धुतली.
तराजू माझा, प्रयोग त्यांचे.
आता ओट्याशी उभा राहून
दोनशे ग्रॅम म्हणजे दोनशेच घेतो
आणि जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत लिहितो:
पहिली बॅच. सुटली.
सगळा भुगा तीन दिवस दुधातून खाल्ला.
दुसरी बॅच. गुळाचा पाक पुढे गेला.
दाढ दुखते आहे, घरात सांगू नये.

ओव्हन लग्नात आलेला, गोल, अल्युमिनियमचा,
झाकणात वाटोळी काच,
वायरीवर सुती दोऱ्याचं वेष्टण.
त्याला अंश कळत नाहीत,
फक्त चालू आणि बंद.
मालिनी दारातून बघते, बोलत नाही.
बेचाळीस वर्षांत तिचं न बोलणं
मला पहिल्यांदाच आवडतंय.

हे सगळं ऋजुतासाठी.
सून आमची, एम.वाय.मध्ये नर्स, रात्रपाळीला.
पोळीभाजीचा डबा सकाळी जसाच्या तसा परत येतो,
झाकण उघडलं की आंबूस वास.
"बाबा, बसायलाच मिळत नाही."
मग मी मापाचा विचार केला.
दोन खाटांमधलं अंतर, समजा, पाच पावलं.
तेवढ्यात चावून गिळून व्हावं,
उभ्याने, एका हाताने,
आणि बोटांना चिकटता कामा नये,
कारण पुढच्या क्षणी तीच बोटं
कुणाची तरी शीर शोधत असणार.

एक घास.
श्रीरंग लहान होता तेव्हा
चिऊचा घास, काऊचा घास
हे खातं त्याच्या आईकडे होतं.
मी पेपरामागे.
त्याचं तोंड केवढं उघडायचं
हे मला माहीत नाही.

तिसऱ्या खेपेला खजूर कोमट पाण्यात भिजवून कुस्करला,
जवस भरड, तीळ अख्खे,
जर्दाळूचे मुगाएवढे तुकडे.
ओल्या तळहाताने थापलं,
वाटीच्या बुडाने दाबलं,
कडा तांबूस झाल्या आणि मी सुरी घेऊन धावलो.
तेव्हा ती दारातून एवढंच म्हणाली,
"गरम असताना हात लावू नका."

गरम असताना सगळंच सुटतं.
हे मुलाशी बोलायच्या वयात
कुणी सांगितलं असतं तर.

ताट खिडकीत ठेवून मी खुर्चीत बसलो.
खाली कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत गेली.
पाऊण तासाने कापले. अठ्ठावीस नग.
एकही फुटला नाही.
मी ते दोनदा मोजले.

सकाळी ऋजुता आली, बूट न काढताच सोफ्यावर टेकली.
डबा रिकामा.
"चार मी खाल्ले बाबा. थोडे सिस्टरांनी.
बाकीचे तेरा नंबरच्या आजोबांच्या मुलाला दिले,
परवापासून जिन्यात बसून आहे."
काय म्हणाला तो?
डोळे मिटले होते, तरी हसली.
"म्हणाला, दीदी, अच्छा है,
पर इसमें थोड़ी सेव होती तो..."

आणि तिथेच झोपली.
मी तिचे बूट सोडवले, आवाज न करता.
मग वही काढली.
तिसरी बॅच. टिकली.
चौथीत
किंचित लवंग घालून पाहणे.