डावं चाक

पहाटे साडेपाचला हँगरचं दार ढकलते.
रुळात वाळू अडकलीय, अर्धंच सरकतं.
आत ती उभी, पिवळी,
खाली तीन तसराळी, तिन्हींत रात्रभर ठिबकलेलं तेल.
ठिबकतंय म्हणजे आहे.
तसराळी कोरडी दिसली तर काळजी.

मग पंख्याचं पातं धरून हातानं फिरवायचं.
खालच्या सिलिंडरांत तेल साचलेलं असतं,
तसंच चालू केलं तर इंजिन स्वतःचंच हाड मोडून घेतं.
मी मोजते.
सातव्या पात्याला ती घसा खाकरते.
दरवेळी सातव्यालाच.

ओरेस्ट हलुश्का तिला बाबा म्हणतो.
त्याच्या घरच्या भाषेत बाबा म्हणजे आजी.
ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, त्याचा कधी झाला नाही.
एकतीस वर्षांपूर्वी ससकॅचेवानच्या एका शेतात
ती त्याला सापडली, पंख नसलेली,
मागच्या सीटवर कोंबडीची अंडी.
त्यानं तळ्याकाठचं घर विकलं.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. बुटांच्या खोक्यांत पावत्या आहेत.
अकरा खोकी.

लढाई तिनं पाहिलीच नाही.
एकोणीस वर्षांच्या पोरांना उतरायला शिकवलं,
आणि ती पोरं समुद्रापलीकडे गेली, एवढंच.
लाउडस्पीकरवरचा माणूस तरी दरवर्षी म्हणतो
रणांगणाची वाघीण.
आणि ओरेस्ट दरवर्षी त्याच्या तंबूपर्यंत चालत जाऊन सांगतो,
मास्तरीण म्हणा हो, मास्तरीण.

उजव्या पंखाच्या मुळाशी एक झाकण आहे, चौदा स्क्रूंचं.
त्याच्या आत, कारखान्यातल्या जुन्या हिरव्या रंगात
एक अंगठा उमटलाय.
लहान आहे. बाईचा असावा.
कुणाची तरी पाळी संपत आली होती, रंग ओला होता.
आम्ही सगळं विमान खरवडलं, सगळं रंगवलं,
तेवढी जागा सोडली.
फोटो काढणाऱ्यांना झाकणच दिसतं.

यंदा मार्चात डॉक्टरनं ओरेस्टच्या हृदयाचा आलेख पाहिला
आणि वैमानिकाच्या कागदावर सही केली नाही.
ओरेस्टनं चकार शब्द काढला नाही.
आठवडाभर हेल्मेटचा पट्टा शिवत बसला,
जो उसवलेला नव्हता.

आज त्याची भाची उडवतेय, लेस्या,
एरवी वणव्यांवर पाणी टाकणारी.
मी चाकांखालचे ठोकळे ओढले आणि दोरीकडे पळाले.
तो तिथे होता, लोकांत, घडीच्या खुर्चीवर,
शेजारच्या पोराची लालभडक आइस्क्रीम त्याच्या बुटावर गळत होती.

ती उठली.
पात्यांची टोकं हवा फाडत जातात, त्याचा तो किंचाळा
अख्ख्या मैदानानं दातांत ऐकला.
पोरानं कान झाकले.
ओरेस्ट म्हणाला, एवढी ओरडते?
एकतीस वर्षं त्यानं तिला आतूनच ऐकलं होतं,
कानांवर जाड गाद्या लावून.

मोहरीसारख्या पिवळ्या शेतांवर ती उलटी झाली,
पिवळ्यावर पिवळी, क्षणभर दिसेना,
मग तेलानं काळवंडलेलं पोट वर करून सरळ झाली.
लोक टाळ्या वाजवून पुन्हा जेटची वाट बघू लागले.
तो तोंड उघडं ठेवून बघत होता,
लग्नाच्या पंगतीत स्वतःच्याच बायकोला
पलीकडच्या ओळीत वाढताना बघावं, तसा.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
उठताना डावं चाक उजव्याच्या मागून आत गेलं.
हो.
कधीपासून?
पहिल्यापासून.
आत दोन काटे आहेत, तो म्हणाला,
पण त्या वेळी मी पुढे बघत असतो.
मग जरा रागानंच,
मला कुणी सांगितलं नाही.
तू वर असायचास, मी म्हटलं.

लेस्या वळली, वेग कमी केला.
उतरताना कोणतं आधी बाहेर येतं
ते बघायला तो खुर्चीवरून उठला,
आणि मागच्या बाईनं त्याला
खाली बसायला सांगितलं.