बारा आणि एक

खोक्यावरची पट्टी मीच फाडली.
चाळीस मॅगझिनं, तेलकट कागदात गुंडाळलेली,
अजून कुणाच्या कमरेची ऊब न लागलेली.
सांगलीच्या पोलीस मुख्यालयात वारा
शस्त्रागाराच्या जाळीपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो.
आत ग्रीसचा वास, टेबलावर घोंगडी,
आणि चष्म्याला दोरी बांधलेले बंडगर जमादार.

"भर," म्हणाले. "परवा बंदोबस्त हाय."

पहिली गोळी पाहुण्यासारखी जाते, दार उघडंच असतं.
चौथीपर्यंत गप्पा मारता येतात.
आठवीला नख पांढरं पडतं.
बारावी टेबलाच्या कडेला टेकवून, ओठ चावून.
आणि मग पुढची.
तिच्यासाठी जागा असते.
पाठीवरच्या बारीक भोकातून दिसतेही,
पण स्प्रिंग म्हणते, नाही.

जमादार तेरा म्हणत नाहीत.
रजिस्टरात आकडा लिहितात, तोंडानं "बारा आणि एक".
माणूस गेल्यावर जे घालतात
त्याचं नाव गोळ्यांसमोर काढू नये, एवढंच.

मी जोर लावला. गोळी निसटली,
फरशीवरून घरंगळत कपाटाखाली.
दोघंही ओणवे. बॅटरी. झाडू.
कोळ्याचं जाळं लेऊन बाहेर आली.
मग खुर्चीत बसत ते म्हणाले,
"मिरजंत माझ्या शेजारी मेहबूबचाचा तंबोरं करतोय.
नवी तार चढवली की लगीच वाजवत न्हाई.
ताणून ठेवतो अन् झोपतो.
सकाळी उतरल्याली असती. परत चढवतो.
तारंला म्हाईतच नसतं, आपण तार हाय म्हणून.
बाराच भर. ऱ्हाऊ दे रातभर."

त्या रात्री चारशे ऐंशी गोळ्या
चाळीस अंधारांत उभ्या राहिल्या
एकमेकींच्या पाठीवर भार टाकून,
आणि घरी मी अंगठा वर धरून भाकरी थापली.
भाकरीला चारच बोटांचे ठसे.
आई म्हणाली, हळद लाव.
तिचा अंगठा बावीस वर्षं मार्केट यार्डात
हळकुंडं निवडून पिवळा,
शनिवारी पगाराच्या वहीवर निळा.

सकाळी बसली.
चाळीसच्या चाळीस.
स्प्रिंग नमली की अंगठा शिकला,
कोण जाणे.

बंदोबस्त झाला. कुठं काही घडलं नाही.
काही घडलं नाही, हे पेपरात येत नाही,
आमच्या रजिस्टरात येतं,
"परत" असं लिहिलेल्या रकान्यात.

रिकामं करणं सोपं.
शेंगा सोलाव्यात तसं त्याच अंगठ्यानं पुढं ढकलायचं,
घोंगडीवर टप, टप.
पाचशे सतरा. अठरा.
जमादारांचा श्वास ऐकू येत होता.
एकतीस वर्षांत एकदा आकडा जुळला नव्हता,
मला एवढंच ठाऊक आहे. गावाचं नाव ते घेत नाहीत.
एकोणीस.
वीस.
त्यांनी चष्मा सोडून दिला, दोरीवर लोंबू दिला,
आणि दोन चहा सांगितले. मग म्हणाले, तीन सांग,
तिसरा कुणासाठी ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
लाल दिवा.
पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला.
"पुन्हा प्रयत्न करा."
माझ्या रेषा राहिल्या असाव्यात
चाळीस पोलादी ओठांवर थोड्या थोड्या.
मागं रांग. कुणीतरी हसलं, "चोरबीर हाईस का काय?"
शेवटी ड्युटीवरच्या हवालदारानं जुनी वही काढली,
धूळ झटकली, पेन दिलं.
वहीशेजारी शाईची डबी होती, वाळलेली.
तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं मी.

मग लिहिलं: मयुरी केराप्पा ऐवळे.
पेन नीट धरवत नव्हतं, रकाना अरुंद.
शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.
जाऊ दिलं.