पासंग

हडर्सफील्डमध्ये माणसं दगडांत मोजतात.
एकवीस स्टोन, म्हणाली नर्स लोरेन,
आवाज न चढवता, जणू पत्ता लिहून घेतेय.
मला आमच्या बाजारातला भाजीवाला आठवला:
काटा जुळेना की
हलक्या पारड्यात एक खडा टाकायचा.

सात आठवडे झाले.
या सोमवारी अर्धा पौंड उतरला.
पासंगालाही पुरणार नाही.
घरी बोललो नाही. वृंदानं विचारलंही नाही,
फक्त भाताचं पातेलं स्वतःकडे सरकवलं.

कालव्याकाठी तिसऱ्या लॉकपाशी एक बाक आहे.
पितळी पाटी: अर्नेस्ट हार्डकासल,
ज्याला इथं बसायला आवडायचं.
मलाही आवडतं, अर्नेस्ट.
माझे गुडघे इथवरच येतात.

गेल्या मंगळवारी याच बाकावर
फिश अँड चिप्स खाल्ले, व्हिनेगरसकट,
कागदाला बोट पुसून पुसून.
एक बदक सोडून कुणी पाहिलं नाही.
दुसऱ्या दिवशी बूट घालायला वाकलो,
धाप लागली ती पोटाची की लाजेची, कळेना.
पण घातले.

एकवीस दगड एकदम कोण उचलणार?
मी त्यांच्याकडे बघतच नाही.

आज पाऊस तिरपा. बाक ओलाचिंब.
बसायची सोय नाही म्हणून
चौथ्या लॉकपर्यंत गेलो.
खरं सांगतो, एवढंच कारण.

परतताना खिशात हात घातला
तर काठावरचा एक गुळगुळीत खडा.
कधी उचलला कोण जाणे.
सोमवारी खिसे रिकामे करून जायला हवं.