रिकाम्या गाडीचं वजन

फैजपूर रस्त्यावर, वडिलांच्या भुईकाट्यामागच्या खोलीत
आमची कंपनी. दोन टेबलं, एक कूलर,
आणि फळ्यावर निकेत फिरकेनं मांडलेले तीन आकडे,
जे संध्याकाळी पुसले जातात
आणि सकाळी तिथंच उमटतात.

केळीच्या पानाचा फोटो पाठवा,
यंत्र सांगतं, करपा आहे की नुसतं ऊन लागलंय.
हे जमलं. दोन वर्षं गेली, पण जमलं.
आता पैसे कसे घ्यायचे एवढंच राहिलंय,
आणि तेच होत नाही.

निकेत म्हणतो, महिन्याचे लाव. ठरावीक.
वापरा, नका वापरू.
मी म्हणते, बलुत्यासारखं?
म्हणजे कुणी वर्षातून दोन पानं पाठवणार
आणि सावद्याचा तो धांड्यांचा पोरगा
दिवसाला दोनशे. परवा त्यानं
म्हशीचा कान पाठवला. मग स्वतःचा तळवा.
यंत्रानं दोन्हींकडं इमानदारीनं पाहिलं
आणि त्या पाहण्याचं बिल
रात्री डॉलरमध्ये आम्हाला आलं.

मग फोटोमागं घे. फोटोला दोन रुपये.
सिकंदर तडवी दारात उभा होता,
त्याची बोअरची गाडी काट्यावर. हसला.
"मी फुटावर घेतो, ताई. तीनशे फूट गेलं, धूळ आली,
तरी तीनशेचे. लोक देतात.
पण नंतर बाजारात भेटले
की दुसरीकडं बघतात."

आणि पाणाड्या?
"त्याचं पाणी लागलं तरच.
नारळ अन् पाचशे. नाही लागलं, काही नाही.
म्हणून तर
त्याला प्रत्येक शेतात पाणी दिसतं."

निकेतनं तिसरा आकडा पुसला.

अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.
शंभर पानांमागं सात-आठ वेळा
आमचं यंत्र म्हणतं, सांगता येत नाही.
हे आम्हीच त्याला शिकवलं.
बाकी सगळं लवकर शिकलं ते,
हे शिकायला मात्र अख्खा उन्हाळा गेला.
या उत्तराचे पैसे घ्यायचे?
"न सांगण्याचे कसले पैसे," निकेत म्हणाला,
"लोक खेटरानं मारतील."
खरंच होतं. मी फळ्यावर लिहिलं, फुकट.
चहा आला. निवला.
आणि मला पुढचं वर्ष दिसलं:
महिन्याची एकोणतीस तारीख, भाडं, डॉलरचं बिल,
आणि आमच्यापैकी कुणीतरी, बहुतेक मीच,
रात्री साडेअकराला
यंत्राचा कान हळूच पिळतेय.
आठाचं चार कर. चाराचं एक.
हो म्हणत जा, बाबा. हो म्हण.

बाहेर दिल्लीची गाडी काट्यावर चढली, रिकामी,
मागं नुसती ताडपत्रीची घडी.
ड्रायव्हर कुरकुरला, माल नाही, काही नाही,
साठ रुपये कशाचे?
वडील चाळीस वर्षं हेच ऐकतायत.
मान वर न करता त्यांनी पावती फाडली.
"रिकामी मोजल्याबिगर
भरलेलीतून काय वजा करशील, भो?"

मी आत येऊन फुकट पुसलं.
दोन रुपये. सांगितलं तरी,
सांगता नाही आलं तरी.
निकेत बराच वेळ फळ्याकडं बघत राहिला.
"एकही गिऱ्हाईक मिळणार नाही."
मिळेल, म्हणाले. म्हणाले खरी.

पहिला फोन त्या धांड्यांच्या पोराचा.
"सगळ्याचे दोन?"
सगळ्याचे.
"म्हशीच्या कानाचेपण?"
त्याचेपण. तळव्याचे वेगळे दोन.
पलीकडं जरा शांतता. मागं
घड मोजणाऱ्यांचा आवाज, एकोणसाठ, साठ.
मग त्यानं विचारलं, आवाज थोडा खाली घेऊन,
"हाताला काय म्हणालं होतं ते, ताई?
मी उत्तर उघडलंच नव्हतं."

सांगता येत नाही, मी म्हणाले.
दोन रुपये.