सात वेण्या

खारकर आळीतल्या माझ्या पोटमाळ्यावर
ईशानी प्रधान कागदांची सुरळी घेऊन आली.
म्हणाली, काका, वेणी हवीय. पुरुषाची.
पुढून भादरलेलं डोकं, मागे कमरेपर्यंत शेपटा,
चीनच्या बादशाही काळातला.
एकांकिका आहे. शेवटी ती कापायची.
प्रत्येक प्रयोगात.

सात प्रयोग ठरले होते. म्हणजे सात वेण्या.

म्हटलं, बस.
माझ्या आज्यानं ठाण्यात किती घेरे राखले,
किती शेंड्या सोडल्या. त्याचा वस्तरा अजून आहे.
मला डोक्याचं काही नवं नाही.

तिनं टोपांच्या गर्दीत चित्रं पसरली:
घोड्याच्या खुरासारखी बाही,
उजव्या काखेत बंद होणारा झगा
(आपल्या बाराबंदीची लांबची मावसबहीण),
छातीवरल्या चौकोनात करकोचा उभा,
म्हणजे साहेब मुलकी खात्यातला.
बायका दोन तऱ्हांच्या.
एकीची पावलं बांधून बांधून मुठीएवढी केलेली,
दुसरी मांचू, सुट्या पावलांनी उंच ठोकळ्यांवर चालणारी,
डोक्यावर आडवी फळी, फळीला केस, केसांत फुलं.
ती फळी करायला मला फार आवडलं असतं.
बजेट नव्हतं.

मग गोष्ट सांगितली तिनं.
आधी तिथले पुरुष केस कापतच नसत,
आईबापांची देणगी म्हणून बुचड्यात जपत.
उत्तरेकडून मांचू आले, गादीवर बसले,
आणि दहा दिवसांचा हुकूम सुटला:
केस ठेवाल तर डोकं जाईल.
शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणणारे
खरोखरच तुटले.
बाकीच्यांनी न्हाव्यापुढे मान खाली घातली.

ती गेल्यावर मी तिरुपतीचे केस तोलले,
तीन पेड घातले, टोकाला काळा रेशमी गोंडा.
रात्रभर तो न्हावीच डोक्यात.
त्याला कुणी विचारलं असेल का,
बाबा रे, तुझे स्वतःचे कुणी कापले?

निनाद म्हात्रे, ऐरोलीचा, दिवसा कंपनीत हेडफोन लावणारा,
भादरायला तयार होईना,
पुढल्या महिन्यात मुलगी बघायला जायचं होतं.
रबरी टक्कल चढवलं, मागे वेणी टाचली.
तालमीत शिपाई झालेल्या पोरानं कात्री चालवली.
बादशाही गेली, अडीचशे वर्षांचं जोखड गेलं,
संहितेत लिहिलं होतं: तो हसतो.
निनाद हसला नाही.
त्याचे दोन्ही हात मानेमागे गेले,
तिथं जे नव्हतं ते चाचपत राहिले.
ईशानी म्हणाली, चुकलास.
थोड्या वेळानं म्हणाली, राहू दे तसंच.

सातवा प्रयोग झाला. झाडूवाल्यानं विचारलं,
शेठ, हे टाकू?
मी सगळ्या पिशवीत घालून आणल्या.

परवा चेंदणीहून जागृती नाखवा आली,
लग्न आठवड्यावर, केस खांद्यापर्यंतच,
अंबाड्याला गंगावन हवं होतं.
एक वेणी काढली, धुतली, गोंडा सोडवला.
अबोलीच्या वळेसरात ती अशी बसली
की जणू तिथूनच उगवलेली.
आरशात बघत तिनं विचारलं, कुठल्या बाईचे हो?
आता काय सांगणार.
नवसाचे आहेत, म्हटलं,
आणि मधे थोडे दिवस एका पुरुषाचे होते.

ती हसली. पैसे देऊन गेली.
सहा वेण्या खिळ्याला आहेत अजून.
बघायच्या असतील तर चारनंतर या,
दुपारी मी झोपतो.