दोन्ही कान मोकळे

तीन चाळीस. पहाट म्हणायची पद्धत आहे.
ट्रॉम्सोत नोव्हेंबर सरता सरता
पहाट फक्त घड्याळात उरते.

कॅप्टन सिग्रून हाउग्लान
बाथरूमच्या गरम फरशीवर अनवाणी बसलीय,
मांडीवर फोन.
नाक चिमटीत धरून आतल्या आत फुंकते.
पट्. डावा कान उघडला.
पट्. उजवाही.
मेले दोन्ही ठणठणीत.

सर्दी असती तर किती बरं झालं असतं.
सर्दीशी कुणी वाद घालत नाही.
बंद कानाने वर गेलं की पडदा फाटतो,
हे ड्युट्या लावणाऱ्या पोरीलाही पाठ आहे.
सर्दी म्हणजे शिक्का मारलेलं दुखणं.
ताप पाहून झाला: छत्तीस पूर्णांक सहा.
पोट तर रात्रीचे उरलेले बटाटे मागतंय.

शाळेत असताना दुखायचं पोट,
गणिताच्या दिवशी, अगदी खरंखुरं.
आई कपाळावर हात ठेवून म्हणायची,
जा, तिथे गेल्यावर थांबेल.
आणि थांबायचं.
तिथेच सगळा घोटाळा झाला.
बावन्न वर्षांच्या बाईला अजून वाटतं
तिथे गेल्यावर थांबेल.

काल हॅमरफेस्टला उतरताना
विमान ओडवारच्या हातात होतं.
तो म्हणाला, फ्लॅप्स पंधरा.
ती म्हणाली, पंधरा.
आवाज नेहमीचाच, खात्रीचा.
हात मात्र मांडीवरच होता.
दोन सेकंद. मग ओडवारनेच हात लांबवला,
दांडा खाली घेतला,
आणि समोर धावपट्टीकडे बघत राहिला.
एक शब्द नाही.
उतरल्यावर त्याने तिला कॉफी पाजली.
ओडवारने!
ज्याच्या खिशातून पाच वर्षांत
एक क्रोनर निघालेला कुणी पाहिलेला नाही.
ती कॉफी अजून घशाखाली उतरलेली नाही.

तीन रात्री झोप नाही.
कारण विचारू नका, तिने शोधून पाहिलंय,
गाद्या उचलून किल्ली शोधावी तसं.
कुणी गेलेलं नाही, कुणी सोडून गेलेलं नाही.
फेब्रुवारीत डॉक्टरांचा फॉर्म येईल,
त्यावर चौकट आहे: झोपेच्या तक्रारी.
एकवीस वर्षं ती 'नाही'वर खूण करत आली,
आणि ते खरंच होतं.
'हो' लिहिलं की कागद ऑस्लोला जातो.
जातो लगेच. परत यायची त्याला घाई नसते.

शिवाय राखीव यादीत आज योनास आहे,
त्याचं बाळ अठरा दिवसांचं.
शिवाय परतीच्या फेरीला आसलाउगबाई असणार,
दर पाचव्या मंगळवारी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला,
पिशवीत रानबेरीचा मुरंबा,
बरणी थेट कॉकपिटच्या दारात आणून देतात,
म्हणतात, तू असलीस की मी खिडकीतून बघतसुद्धा नाही.

आत्ता उठली तर गणवेश चढेल.
खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या बसतील,
त्यांना पाठ आहे सगळं.
फक्त पट्ट्यांना हात नसतो.

चार वाजून दोन मिनिटं.
पलीकडे मारित: बोल.
जिभेवर सर्दी तयार होती,
खोकलासुद्धा जमला असता.
'मला बरं नाही,' सिग्रून म्हणते,
आणि पुढे काही जोडत नाही.
काय होतंय, हे मारितने विचारायचं नसतं.
नुसती बोटं वाजतात कळांवर.
मग: योनासला उठवते.
बाळ तसंही जागंच असेल त्याचं.

सहा दहाला खिडकीची काच थरथरते.
अंधारात एक लाल दिवा, एक हिरवा.
वर कोण काय म्हणालं
ते खाली ऐकू येत नाही.
तरी तिचे ओठ हलतात: फ्लॅप्स शून्य.
आणि पांघरुणावरून हात पुढे जातो,
वेळेवर, अगदी सेकंदाला.

झोप मात्र अजून आलेली नाही.