दहा डॉलर, वेस्बी

राग्ना टॉर्सननं नोट काढली
सलगमाच्या बियांच्या पाकिटातून.
फर्स्ट नॅशनल बँक, वेस्बी, नॉर्थ डकोटा.
गाव आता नकाशात नाही.
धान्याची एक कोठी उभी आहे, तिच्यात पारवे.

मी भिंग लावलं.
तीन आडव्या घड्या, एक उभी,
वरच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं.
धुतलेली नाही, इस्त्री नाही, हे बरं.
या बँकेच्या नोटा माझ्या वहीत चारच.
ही पाचवी.

"कॅशियरची सही बघा," ती म्हणाली. "पणजोबा."
शाई तपकिरी पडलेली,
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर निघालेलं.
दिवसाला दोनशे सह्या;
रात्री म्हणे हातात चमचा ठरत नसे.

बँक बुडाली एका मंगळवारी.
ठेवी गेल्या, लोकांची जनावरं गेली.
नोटा मात्र बुडाल्या नाहीत, मागे सरकारी रोखे होते.
म्हणजे त्यांची सही वाण्याकडे चालायची,
आणि त्यांना स्वतःला
कुणी पावशेर साखर उधार देईना.

मी आकडा सांगितला: साडेसहा हजार.
भोकं नसती, तर नऊ.

"भोकं पणजीची," ती म्हणाली.
"त्यांच्या कोटाला आतून टाचली होती तिनं, बरोबर जावी म्हणून.
पेटी मिटायच्या आधी परत काढून घेतली.
नोव्हेंबर होता. पोरं पाच."

विकायची की नाही, ते बोललीच नाही.
बाहेर तिच्या गाडीचं इंजिन
बराच वेळ नुसतंच चालू.